बंदुकीच्या कानातलं मेण

कारखान्याच्या हॉस्टेटरनं तक्रारीची बंदूक मागच्या अंगणात नेली, ठासली आणि उडवली. पुन्हा ठासली, पुन्हा उडवली. आर्डिथ क्रायशर खिडकीशी उभी राहून बघत होती. दर वेळी रंजकीत भडका आणि पाठोपाठ दणका. एकदाही फसली नाही. कारखान्याच्या माणसापुढे कारखान्याची बंदूक शहाण्यासारखीच वागणार, असं तिच्या मनात आलं.

तो आत आला आणि त्यानं काउंटरवर कागदाचा कपटा ठेवला. त्यावर मोहरीएवढी पिवळसर कणी होती.

"तुमच्या बंदुकीच्या कानातून हे निघालं, बाई. मधमाशांचं मेण आहे."

ठिणगी बाहेर रंजकीत, म्हणजे चिमूटभर दारूच्या वाटीत, पडते आणि तिथला जाळ नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, म्हणजे कानातून, आतल्या दारूपर्यंत पोचतो. कानच बुजलेला असला की नुसता फुस्स धूर. हे आर्डिथला कोणी शिकवायला नको होतं. ओल्या हवेत लोक रंजकीच्या कडेला मेण फासतात, त्यातलंच आत गेलं असेल, असं ती म्हणाली. हॉस्टेटरनं नकारार्थी मान हलवली. कडेचं मेण इतकं आत जात नाही, ते कोणीतरी काडीनं दाबावं लागतं.

"लोखंडाची आणि लाकडाची आम्ही आयुष्यभराची हमी देतो," तो म्हणाला. "घरच्या माणसांची देत नाही."

"घरच्यांची मी देते," आर्डिथ म्हणाली आणि बंदूक उचलून निघाली.

गाडीत मात्र तिचं डोकं भणभणत राहिलं. मेण हॉस्टेटरनंच आणून ठेवलं असेल का? हमी टाळायला माणसं काय काय करतात. पण त्याचा चेहरा तसा वाटत नव्हता.

वेंडेल लाकूड गिरणीतून निवृत्त झाला तेव्हा ही बंदूक तिनं त्याला भेट दिली होती. तेव्हापासून दर वर्षी तेच. ख्रिसमसनंतर चकमकीच्या बंदुकांचा हंगाम सुरू व्हायचा, हरीण अगदी समोर उभं राहायचं, आणि फुस्स. त्यांच्या शिकारीच्या झोपडीत नेम चुकला की त्या माणसाच्या सदऱ्याचा मागचा खालचा तुकडा कापून भिंतीला ठोकतात. न उडालेल्या बंदुकीला कात्री नसते, पण हसू असतं. त्या मंडळींनी बंदुकीचं नावच ठेवलं होतं, 'आर्डिथची चूल'. धूर काढते, शिजवत काही नाही.

वेंडेल बंदुकीला कधी नावं ठेवायचा नाही. आजही तो म्हणाला होता, राहू दे गं, एवढ्या थंडीत कशाला कंपनीच्या मागे लागतेस. बिचारा. अलीकडे हरणाचं सॉसेजसुद्धा ताटात बाजूला सारायचा. दात दुखतो म्हणायचा. शिकारीला जाताना मात्र खिसे भरून सफरचंदं न्यायचा, तीही डागाळलेली, चांगली घरात राहावीत म्हणून.

घर जवळ आलं आणि तिला रॉयस आठवला.

रॉयस वेंडेलचा धाकटा भाऊ. घरामागे त्याच्या मधमाशांच्या पेट्या होत्या. दर ख्रिसमसला तो वहिनीसाठी जाडजूड पिवळी मेणबत्ती आणायचा. सगळ्यात मोठं हरीण दर वर्षी त्यालाच मिळायचं, आणि चुलीचा विनोद पहिल्यांदा त्यानंच केला होता. शिकारीच्या सकाळी वेंडेल वर मोजे शोधत असताना खाली बंदुकीपाशी एकटा कोण असायचा? रॉयसच.

ख्रिसमसला मेणबत्ती आली. आर्डिथनं हसून घेतली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं टाचणी घालून बंदुकीचा कान तपासला. मोकळा होता. टाचणी एप्रनला खोचून तिनं बंदूक दाराशी उभी केली. रॉयस आला. तिनं त्याला कॉफी आणि स्क्रॅपलच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, तळलेल्या वड्या वाढल्या, कोठीतून जाम आणते म्हणाली आणि कोठीचं दार किलकिलं ठेवून आत उभी राहिली.

रॉयस उठला. त्यानं जिन्याकडे पाहिलं, मग बंदूक उचलली आणि कानाशी वाकला. आर्डिथनं दाराची मूठ घट्ट धरली.

त्यानं टोपीतलं टर्कीचं पीस काढलं आणि त्याचा दांडा कानातून आरपार फिरवला. फुंकर मारली. पुन्हा फिरवला.

"या वर्षी तरी उड गं बाई," तो बंदुकीला म्हणाला. "त्याला हसून हसून माझंच तोंड दुखायला लागलंय."

बंदूक जागेवर ठेवून तो गाडी गरम करायला बाहेर गेला.

आर्डिथला स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी त्याला सफरचंदाचा गोड पाय भाजून खायला घालायचा, तिनं ठरवलं. तरी खात्री म्हणून बाहेर येऊन तिनं टाचणी घातली. कान लख्ख मोकळा. आज बंदूक उडणारच होती. संध्याकाळी कोणी तिच्या चुलीचं नाव काढणार नव्हतं. जाम राहिलाच म्हणून ती परत कोठीत वळली, तेवढ्यात वेंडेल जिना उतरला.

स्वयंपाकघरात कोणी नाही, असं त्याला वाटलं. त्यानं टोपलीतली डागाळलेली सफरचंदं खिशात भरली. दुखऱ्या दातानं हा ती खातो तरी कशी, असं मनात येऊन आर्डिथ त्याला हाक मारणार होती.

वेंडेलनं खिडकीबाहेर पाहिलं. रॉयस गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता. मग वेंडेलनं टेबलावरच्या मेणबत्तीची एक कणी नखानं काढली, चिमटीत फिरवून मऊ केली आणि काडीनं हळुवार दाबत बंदुकीच्या कानात बसवली.