पहिला नकार

संत जोसेफ बंधुसंघाच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त, स्थळ चर्चचा हॉल. प्रार्थनेनंतर अध्यक्ष इनासमामा दरवर्षीप्रमाणे म्हणाले, "अठरा वर्षं झाली, आता मला मोकळं करा."

रीत अशी, की आम्ही "नाही, नाही" म्हणायचं, मामांनी तीनदा नकार द्यायचा आणि मग डोळे पुसत अध्यक्षांची घंटा पुन्हा हातात घ्यायची. नवा सभासद नेल्सनला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या नकारालाच त्याने टाळ्या वाजवल्या. "थँक्यू अंकल! खरंच थकलात तुम्ही." टाळ्या वाढत गेल्या.

"हे लिहू नकोस," मामा मला म्हणाले.

मी लिहिलं.

फादरनी उपाध्यक्ष बस्त्यावचं नाव सुचवलं. सगळ्यांनी हात वर केले. अकरा वर्षं मामांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बस्त्यावचे डोळे भरून आले. मामांनी घंटा पोटाशी घट्ट धरलेली. बस्त्याव रीतीप्रमाणे हात जोडून म्हणाला, "नको हो, माझी एवढी योग्यता नाही."

मामांनी घंटा वाजवली. "नकार मंजूर! आजपासून पहिलाच नकार धरतात." मग माझ्याकडे वळून, "हे मात्र लिही."