पोचले, पुढचे पाठवा

“दुकान बंद आहे,” बाबांनी सांगितलं.

दुकान सताड उघडं होतं. पाटीवरचा दिवा जळत होता. कॅमेरा स्टँडवर उभा होता. आरशाशी दोरीनं बांधलेला कंगवासुद्धा जागेवर होता. दारातल्या तरुणानं हे सगळं पाहिलं.

“काका, अर्जाला लावायचाय. एकच फोटो.”

“पलीकडच्या गल्लीत काढतात. चांगला काढतात.”

तरुण गेला. लेकीनं कपाळाला हात लावला.

सकाळीच दोघांची पैज लागली होती. संध्याकाळपर्यंत एक जरी फोटो निघाला, तर स्टुडिओ राहील आणि ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही निघाला, तर बाबा किल्ली देतील आणि तिच्याकडे राहायला येतील. दिवसभर कुणी फिरकलं नव्हतं. शेवटी देव पावल्यासारखं एक गिऱ्हाईक आलं, तर याच माणसानं त्याला वाटेला लावलं.

“बाबा, तुम्हाला दुकान हवंय की नकोय?”

“हवंय की.”

“मग हे काय होतं?”

“त्याचे केस विस्कटलेले होते.”

ती पुन्हा जुन्या कॉम्प्युटरकडे वळली. पैजेचं काही होवो, फोटो वाचले पाहिजेत म्हणून ती दुपारपासून ते नव्या डिस्कवर उतरवून घेत होती. रंगवलेल्या तळ्याच्या पडद्यापुढे, त्याच फिरत्या स्टुलावर, अख्खं गाव येऊन बसून गेलं होतं. रडणारी बाळं, मग तीच बाळं मिशा फुटलेली, मग शेजारी नवरी घेऊन. मधूनच आई. उजेड नीट पडतोय का हे बघायला बाबा आधी तिलाच स्टुलावर बसवायचे. अशा प्रत्येक फोटोत ती वैतागलेली होती, आणि प्रत्येकात हसू दाबत होती.

कॉम्प्युटर शिकली ती आईच. बाबांनी एकदा माऊसनं ओढाओढी करताना एका लग्नाचे सगळे फोटो घालवले. नवरीचे वडील दुकानात येऊन रडले. त्यानंतर आईनं क्लास लावला आणि काळ्या पडद्यावर चालणारी एक छोटीशी कमांड स्वतः लिहिली. दुकान बंद करताना ती चालवायची. ‘आज’ नावाच्या फोल्डरमधले फोटो ती कमांड आधी मोठ्या डिस्कवर उतरवायची, मग दोन्हीकडचे ताडून बघायची, आणि मगच मूळचे पुसायची. “समोरच्यानं धरल्याशिवाय आपण हात सोडायचा नाही,” आई म्हणायची. त्यानंतर एकही फोटो हरवला नाही.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

बाहेर दिवेलागण झाली. बाबांनी खिशातून किल्ली काढून कीबोर्डशेजारी ठेवली, हात मात्र किल्लीवरच होता.

“हरलो. घे. सामान उद्या आवरू.”

ती किल्लीकडे बघत राहिली. जिंकल्यासारखं वाटेना.

“फक्त तेवढी आईची कमांड तुझ्या डिस्कवर घे.”

“बाबा, ती नुसती इथलं तिथे ठेवते. आता हे फोनसुद्धा आपोआप करतो.”

“असू दे. घे.”

तिनं घेतली. एवढीशी फाईल, डोळ्याचं पातं लवायच्या आत उतरली.

“पोचली?”

“पोचली.”

“ताडून बघ.”

तिनं ताडून बघितली. “पोचली, बाबा.”

तेव्हा कुठे त्यांनी किल्लीवरचा हात उचलला. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि दोन बोटांनी, अक्षरं शोधत, कमांड टाईप करू लागले.

“अहो, पण ‘आज’ रिकामं आहे. काय हलवणार ती?”

“रोजच रिकामं असतं. मी ठेवतो रिकामं.”

“म्हणजे?”

बाबांनी चष्मा पुसला. “फोटो असले की ती ‘पोचले, पुढचे पाठवा’ म्हणते. इतकी वर्षं तेवढंच बघितलं. तुझी आई होती तेव्हा फोल्डर रिकामं राहिल्याचं आठवत नाही मला. ती गेल्यावर पहिल्यांदा दुकान उघडलं, त्या दिवशी कुणी आलं नाही. सवयीनं चालवली. तेव्हा कळलं, रिकामं असलं तर काय म्हणायचं हेही तिनं लिहून ठेवलं होतं.”

लेकीला दारातला तो तरुण आठवला. त्याच्या आधी असे किती जण परत गेले असतील, कोण जाणे.

“एक फोटो जरी आत पडला ना,” बाबा म्हणाले, “की त्या संध्याकाळी ते येत नाही.”

“आता तुझ्या घरी रोज चालवीन. तिथे कुठलं आलंय गिऱ्हाईक?” बाबा हसले. “दाब. आज तू दाब.”

तिनं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर ठिपका दोनदा लुकलुकला. मग इंग्रजी अक्षरांतलं आईचं मराठी एकेक शब्द करत उमटलं:

‘आज कुणीच नाही ना आलं? मग एकटे बसून काय राहिलात? दिवे मालवा आणि घरी या.’