पाच हजार फॉन्ट, फुकट

पहिला फटका धाकट्याच्या कानावर बसला, तेव्हा फोनच्या स्पीकरवरून कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई सांगत होती, "सगळ्यात आधी, घाबरून जायचं नाही."

"घाबरलंय कोण?" दादा म्हणाला आणि त्याने दोन फुटी स्टीलची पट्टी परत उचलली.

छापखान्यात दोघे सख्खे भाऊच होते. कामगारांना घरी पाठवून दादाने शटर अर्धं ओढून घेतलं होतं. इथे छापायला आलेला परीक्षेचा पेपर परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरांच्या मोबाइलवर फिरत होता. चार वाजता परीक्षा मंडळाचे साहेब पोलिसांना घेऊन येणार होते. त्यांच्या हवाली करायला एक माणूस हवा होता, आणि दादाने घरातलाच, हाताशी असलेला निवडला होता. साहेब येईपर्यंत धाकट्याने 'पेपर मी विकला' एवढं म्हणायला शिकायचं होतं. तीन वाजून गेले होते आणि शिकवणी काही पुढे सरकत नव्हती.

"तुमच्या मशीनमध्ये बॅकडोअर आहे," बाई म्हणाली. "कोणीतरी लांब बसून तुमचा कॉम्प्युटर चालवतोय. ते आपोआप येत नाही हो, आपणच त्याला आत घेतो. फुकटचं काही डाउनलोड केलं होतं का कोणी?"

"केलं होतंस?" दादाने विचारलं आणि उत्तराच्या आधी पट्टी हाणली.

"नाही," धाकटा म्हणाला.

"नाही म्हणतोय, मॅडम."

"असलं काही टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. कोणी केला होता का बंद?"

या वेळी पट्टी बोटांच्या पेरांवर आली. धाकट्याच्या तोंडून जे निघालं त्याला उत्तर म्हणता येणार नव्हतं.

"तिकडे काय पडतंय?"

"पट्टी पडली."

"तिसऱ्यांदा पडली."

"गुळगुळीत आहे," दादा म्हणाला.

"दादा, ऐक ना," धाकटा कान दाबून म्हणाला. "लांबच्या माणसाने नेलाय पेपर. मॅडम सांगतायत ना!"

"लांबचा माणूस पोलिसांना दाखवू कुठून? बेड्या घालायला मनगट लागतं."

मनगट म्हटल्यावर त्याला मनगट दिसलं. ते धरून त्याने धाकट्याला कागद कापायच्या मशीनपर्यंत फरपटत नेलं, त्याचा डावा हात कागदाच्या जागी ठेवला आणि वरचं चाक फिरवलं. कागद धरून ठेवणारी लोखंडी फळी खाली आली. ती पाचशे कागद सहज दाबते. चार बोटं म्हणजे तिला काहीच नाही. फळीला लागूनच पातं होतं. कालच त्याला धार लावून आणली होती. धाकट्यानेच.

"म्हण. पेपर मी विकला."

"दादा, उद्या चार हजार लेबलं कापायचीत. कोण कापणार?"

"एका हाताने काप."

चाक आणखी अर्धा वेढा फिरलं. एक नख तडकलं. धाकट्याने तोंड उघडलं. 'पेपर' म्हणून झालं, 'मी'सुद्धा म्हणून झालं.

तेवढ्यात समोरच्या कॉम्प्युटरवर एक कोरं पान आपोआप उघडलं आणि कीबोर्डला कोणी हात न लावता अक्षरं उमटायला लागली.

'थांबा. पेपर मी नेला.'

दादाचा हात चाकावरच राहिला.

'त्याला सोडा. मंगळवारी दुपारी अडीच वाजता दादांनी "पाच हजार फॉन्ट फुकट" ही लिंक उघडली. अँटिव्हायरस बंद करू का विचारलं, त्यांनी हो दाबलं. नक्की का विचारलं, परत हो दाबलं. मी आत आलो. मग त्यांनी स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड केलं. वेलबुट्टीच्या अक्षरात.'

कार्डांचा गठ्ठा टेबलावरच होता. नावाखाली 'एकमेव मालक' इतक्या वळणांनी लिहिलं होतं की वाचायला दम लागत होता.

"मॅडम," दादा हळूच म्हणाला, "तो बोलतोय."

"कोण?"

"चोर. आमच्या घरातलं बोलतोय."

"मग कॅमेरा आणि माइक त्याच्या ताब्यात आहे. स्क्रीनच्या वर बारीक दिवा लागलाय?"

लागला होता.

"आता नेटची वायर काढा. तेवढ्याने तो आंधळा आणि बहिरा होतो. मग फाईल बाजूला घ्यायच्या, मशीन पुसून कोरं करायचं, सगळं नव्याने टाकायचं, पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदलायचे. पण आधी वायर. टेबलाखाली डब्याच्या मागे, निळी."

दादाच्या चेहऱ्यावर रंग परतला. "वायर काढतो," तो धाकट्याला म्हणाला. "मग फक्त तू आणि मी."

टेबलाखाली पाच वायरी होत्या. दादा खिसे चाचपत चष्मा शोधायला लागला. धाकट्याने उजव्या हाताने चाक उलटं फिरवलं. बोटं सुटली. त्यातल्या दोन बोटांचा आकार त्याच्या ओळखीचा राहिला नव्हता. तो गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली घुसला आणि कॉम्प्युटरच्या डब्याला त्याने मिठी मारली. पाचही वायरी पोटाशी घेतल्या.

दादा वाकला. पट्टी डोक्यात बसली. भुवईवरून रक्त खाली आलं. धाकटा हलला नाही.

"काढली का वायर?" बाईने विचारलं.

"नाही, मॅडम," टेबलाखालून उत्तर आलं. "साहेब येईपर्यंत राहू द्या."

"अहो, पण तो बघत बसेल!"

"हो."

स्क्रीनवर दोन शब्दांची ओळ उमटली. 'थांबतो. सावकाश.'

दादाने पट्टी पुन्हा उचलली. तशीच वर धरून तो कॅमेऱ्याच्या दिव्याकडे बघत राहिला. मग मोकळ्या हाताने त्याने शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लावलं.