तटावरून दिसणारी दोरी

"अजून किती पायऱ्या हो?" पर्यटकांच्या जहाजावरून उतरलेले एक जाडजूड आजोबा कठड्याला टेकून धापा टाकत होते.

"शत्रूलाही हा तट चढताना घाम फुटायचा, आजोबा. तुम्ही तर चढलातसुद्धा!" गाईड निवेसनं नेहमीचा विनोद केला.

सगळे हसले. ती स्वतः हसली नाही. तिचं लक्ष पुढच्या वळणाकडे होतं.

दुब्रोव्हनिक या जुन्या बंदराच्या तटबंदीवरची वाट एकाच दिशेनं जाते. एकदा वर आलं की फेरी पुरी करायची, मागे फिरायचं नाही. त्या वळणावरून खालच्या छपरांमध्ये तिच्या घरामागची कपड्यांची दोरी दिसायची. सकाळी ती निघाली तेव्हा तिचा छोटा मुलगा व्लाहो तापानं फणफणला होता. नवरा मालवाहू बोटीवर, महिनोन्‌महिने लांब. घरी एकटी सासू, अनित्सा.

फोन करून उपयोग नव्हता. "खेळतोय," एवढंच सासू सांगायची. पोराचा हात मोडला तेव्हाही हेच सांगितलं होतं. म्हणून निवेस दोरीवर भरवसा ठेवायची. मे महिन्यात वरून तिला ओल्या चादरींची रांग दिसली. पोराला उलट्या होतायत हे ओळखून ती पाहुण्यांना भर उन्हात सोडून, लोकांना ढकलत धावत सुटली. दुसऱ्या दिवशी एजन्सीवाल्यानं सुनावलं, "पुन्हा असं झालं तर घरीच बसा." त्यानंतर मात्र दोरीनं कधी वेडंवाकडं काही सांगितलं नव्हतं.

वळण आलं. निवेसनं श्वास रोखला.

दोरीवर व्लाहोचा पिवळा सदरा. बस्स. चादर एकही नाही.

तिचे खांदे सैल झाले. शेजारची बाई सदऱ्याचा फोटो काढत म्हणाली, "अगंबाई, किती गोड!" तो आपल्याच पोराचा आहे हे सांगायचंही त्राण निवेसमध्ये नव्हतं. तिनं छत्री उंच धरली आणि पुढचा बुरूज दाखवला.

संध्याकाळी पाहुणे जहाजावर परतले. दुखरे पाय ओढत ती घरी आली. दार उघडलं आणि थबकली. खुर्च्यांवर, दारांवर, पलंगाच्या कठड्यावर, जिकडे तिकडे ओल्या चादरी. मध्ये व्लाहो झोपलेला. तिनं धावत जाऊन कपाळाला हात लावला. गार होतं.

"हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा," अनित्सा न्हाणीतून म्हणाली. तिचे डोळे खोल गेले होते. "दिवसभर ओकत होता. दुपारनंतर उतरला ताप."

"मला कळवायचं नाही, आई?"

"कळवून काय? तटावरून उडी मारली असतीस?"

निवेसनं मागच्या दारी जाऊन दोरीवरचा सदरा ओढून काढला. कडकडीत वाळलेला. खांदे उन्हानं पांढरेफटक पडलेले. बाह्या एवढ्याशा. वरून नुसता रंगच दिसायचा.

"आई, हा तर त्याला गेल्या वर्षीच होईनासा झाला होता."

चादर पिळता पिळता अनित्सानं मानही वर केली नाही.

"परत लाव तिथेच. उद्याही जहाज आहे."