गुलाबी चोच

"गुलाबी का?" पक्ष्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"हिरड्या पिवळ्या असतात का कुणाच्या?" कवळीकाका म्हणाले. "माझ्याकडे हिरड्या करायचा हाच मसाला आहे. चाळीस वर्षं माणसांच्या कवळ्या केल्या. चोच पहिल्यांदाच करतोय."

टेबलावर धनेश पक्षी गुंगीत पडला होता. तीन दिवसांपूर्वी तो पिंजऱ्याच्या जाळीवर आदळला आणि वरची चोच निम्म्यातून तुटली. त्याची मादी त्याच पिंजऱ्यातल्या झाडाच्या ढोलीत होती. अंडं घालायच्या आधी तिने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं. बोटभर फट तेवढी उघडी. आता आत एक पिल्लूही होतं. नराने फटीतून भरवलं, तरच दोघं जगणार.

पिंजऱ्याची देखभाल करणाऱ्या मावशींनी चिमट्यात द्राक्षं धरून पाहिली. मादी आत सरकायची. नराच्या तोंडात द्राक्ष ठेवलं, तर तो गिळायचा नाही. तसाच ढोलीकडे उडायचा आणि तुटक्या चोचीतून ते खाली पडायचं. तीनही दिवस हेच.

"धनेश ओळखायचा तो चोचीवरून," मावशी म्हणाल्या. "वीतभर लांब, पिवळीधमक, वर शिंगासारखा उंचवटा. हे गुलाबी ध्यान बघून ती बिचकली तर?"

काकांनी तुटक्या चोचीच्या जागी नवी चोच बसवली.

दुपारी नर पिंजऱ्यात शुद्धीवर आला. त्याने डोकं झटकलं. नवी चोच फांदीवर खसाखसा घासली. काकांनी डोळेच मिटून घेतले. चोच टिकली. पहिलं द्राक्ष निसटलं, दुसरंही. तिसरं घट्ट पकडून तो ढोलीपाशी गेला आणि चोच फटीत घातली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग द्राक्ष आत गेलं.

मावशींनी काकांचा दंड धरला. पण तेवढ्यात मादीची चोच फटीतून बाहेर आली. टोकात तेच द्राक्ष होतं.

"नाही ओळखलं हो तिने," मावशी म्हणाल्या.

मादीने द्राक्ष टाकलं नाही. ती आणखी जराशी पुढे आली आणि त्या गुलाबी चोचीत तिने ते अलगद ठेवलं.

तीन दिवसांत पहिल्यांदाच नराने घास गिळला.