नेम कवा बदलला?

गडमुडशिंगीला निर्मळ पंथाचा मंडप गच्च भरला होता. पंथाचे गुरू दादामहाराज यांचा मुलगा शार्दूल पुण्याहून लग्न करून आला होता. बायको पंथाबाहेरची. महाराजांनी दोघांना हार घातले आणि माइकवरून सांगितलं, "देव प्रेमात असतो, नियमात नसतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"धोंडुबाई, तुम्ही थोरल्या. सूनबाईंची ओटी भरा," महाराज म्हणाले.

धोंडुबाई उठली. कुणीतरी तिच्या हातात ताट दिलं. व्हिडिओवाल्यानं दिवा तिच्या तोंडावर धरला. समोर नवी सून पदर पसरून बसली होती. तिची लेक सुगंधा वारली तेव्हा एवढीच होती.

सुगंधानंही पंथाबाहेर लग्न केलं होतं, कोडोलीच्या अतुलशी. तेव्हा महाराजांनी तिचं नाव घ्यायलाही बंदी घातली. बाळंतपणात ती गेली, पोर तेवढी वाचली. अतुल निरोप घेऊन आला, तर धोंडुबाईच्या नवऱ्यानं, आकारामनं, त्याला बंद दाराआडूनच परत पाठवलं. धोंडुबाई आत तोंडात पदर कोंबून बसली होती.

"दादा," ती म्हणाली, "ह्यो नेम कवा बदलला?"

महाराज हसले. "आधी ओटी भरा. मग बोलू."

"न्हाय. आत्ता बोला. माझी लेक मेली तवा तुमचं पाय धरलं म्या. एकदा तोंड बघू द्या म्हणलं. तुम्ही म्हणालासा, गेलीस तर तू बी बाहेर. आन् आज तुमच्या पोराला हार व्हय?"

"प्रत्येकाचं कर्म वेगळं असतं, बाई."

"व्हय की! माझ्या लेकीचं कर्म, आन् तुमच्या पोराचं प्रेम!"

आकारामनं तिचा दंड धरला. "गप बस. समदी बघाय लागल्यात."

"बघू द्यात की! तवा दाराला कडी कुणी घातलीती? तुम्हीच न्हवं?"

त्यानं दंड सोडला.

नवी सून पदर आवरू लागली. "तुझ्यावर राग न्हाय गं, बाळ," धोंडुबाई तिला म्हणाली. मग तिनं ताट महाराजांच्या पायाशी आदळलं आणि ती मंडपाबाहेर पडली. मागून कुणीतरी ओरडलं, "परत पाय ठेवायचा न्हाय हितं!" तिनं वळूनही बघितलं नाही.

एसटी थांब्यावर आकाराम तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. अतुलच्या गावाची गाडी आली तशी ती चढली, मागोमाग तो. कोडोलीपर्यंत दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसली.

अतुल दारातच होता. त्यानं दोघांना ओळखलं, पण जागचा हलला नाही. त्याच्या पाठीमागून दोन वेण्यांची एक पोर डोकावली. कपाळ थेट सुगंधाचं. धोंडुबाईचे हात आपसूक पुढं झाले.

"पप्पा, कोण आलंय?"

अतुलनं आकारामकडं बघितलं.

"पावणं हायत," तो म्हणाला. "वाट चुकल्यात."