चौदा फोन

"साहेब कोर्टात आहेत," वकिलाच्या ऑफिसातल्या मेव्हिसने फोनवर सांगितलं.

"आज कोर्टाला सुट्टी आहे," व्हर्नन टीग म्हणाला.

मेव्हिस गोड आवाजात म्हणाली, "निरोप ठेवते हं."

व्हर्ननने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आणखी एक रेघ ओढली. चौदावी. कर्टिस बल्यू नावाच्या वकिलाकडे सगळे कागद सोपवून अठरा दिवस झाले होते, आणि बल्यूने उलट एकही फोन केला नव्हता. राजधानीतून आलेल्या नोटिशीला वीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं होतं. नाही दिलं तर निकाल एकतर्फी लागणार आणि कोर्टासमोरच्या चौकातली व्हर्ननची सव्वीस वर्षांची पाटी उतरणार. आज एकोणिसावा दिवस होता.

"चौदा वेळा?" त्याची बायको डार्लीन तव्यावरची अंडी उलटत म्हणाली. "बिचाऱ्याला कामं असतील."

"तुला हसू येतंय?"

"मी कुठे हसले? इतकं आहे तर उत्तर तूच लिहून पाठव."

"आपलं भांडण आपण लढू नये. शहाण्या माणसाचंही डोकं फिरतं."

"शहाण्याचं," डार्लीन म्हणाली आणि अंडी ताटलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी बल्यू सापडला. ऑफिसात नाही, खानावळीत. समोर रस्सा ओतलेले दोन मऊ पाव, बाहेर गाडीला जोडलेली मासेमारीची होडी.

"अरे व्हर्नन! तुझंच काम चाललंय."

"उत्तर पाठवलंस?"

"पाठवल्यातच जमा."

"जमा म्हणजे? आज शेवटचा दिवस आहे, कर्टिस!"

"किती काळजी करशील? रक्तदाब वाढेल. बस, कॉफी घे."

व्हर्नन बसला नाही. पण बल्यूने हातावर हात ठेवून "संध्याकाळच्या आत" म्हटलं, आणि तेवढ्यावर तो घरी गेला. अडलेला माणूस विश्वास ठेवतो; दुसरं करणार काय?

तीन आठवड्यांनी त्याने राजधानीत फोन करून चौकशी केली. कुठलंही उत्तर पोचलं नव्हतं. बल्यूच्या ऑफिसात मेव्हिस म्हणाली, साहेब कोर्टात आहेत.

व्हर्ननने गाडी काढली ती थेट दोन तासांवरच्या राजधानीत, वकिलांविरुद्धच्या तक्रारी घेतात त्या कार्यालयात नेली. खिडकीत मिसेस ओडम बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर संगणक.

"कर्टिस बल्यू," त्यांनी वाचलं. "सनद चालू. शिक्षा एकही नाही."

"एकही नाही?" व्हर्ननचा आवाज इतका चढला की रांगेतल्या म्हाताऱ्याने टोपी काढून त्याच्याकडे पाहिलं. "अहो, माणूस घाबरून याच्या दारात येतो. आपलं सगळं त्याच्या हाती देतो. झोप उडालेली असते त्याची! आणि या गृहस्थाला एक फोन करायला होत नाही? दोन मिनिटांचं काम! लोक म्हणजे काय, कपाटातल्या फायली वाटतात यांना?"

"अगदी खरं बोललात," म्हातारा म्हणाला.

"अशांना एक दिवससुद्धा वकिली करू देता कामा नये!"

"मी तुमच्या बाजूने आहे," मिसेस ओडम म्हणाल्या. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि बोलत बोलत लिहू लागल्या. "फोन घेतले नाहीत. मुदत चुकवली. काम होतंय म्हणून खोटं सांगितलं. बरोबर?"

"शब्द न् शब्द."

"तक्रारदाराचं नाव?"

"व्हर्नन टीग."

त्यांनी नाव टंकलं. चष्मा वर सरकवला. मग पडदा पुन्हा एकदा, खालपर्यंत वाचला.

"मिस्टर टीग, तुमचं नाव इथे आधीच आहे," त्या म्हणाल्या. "वकिलांच्या यादीत. सनद आज सकाळपासून निलंबित, एकतर्फी. तक्रारदार अकरा अशील. फोन घेतले नाहीत, मुदती चुकवल्या, काम होतंय म्हणून खोटं सांगितलं."